करुणेला प्रज्ञेची जोड : गिधाडांच्या नाशातून मिळालेला धडा

काही वर्षांपूर्वी इयत्ता आठवीच्या वर्गात मी मगधाचा इतिहास शिकवीत होतो. राजगृहाचे वर्णन करताना गृध्रकूट पर्वताचा उल्लेख आला. तथागतांनी या पर्वतावर वास्तव्य केले, येथेच अनेक उपदेश दिले, असे मी सांगत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गृध्र म्हणजे काय?" मी म्हणालो, "गिधाड. या शिखरावर गिधाडे बसत म्हणून, किंवा शिखराचा आकार गिधाडासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले, असे दोन्ही अर्थ पाली अट्ठकथांत दिलेले आहेत." तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, "सर, तुम्ही गिधाड पाहिलंय?"

मी होय म्हणालो आणि तोच प्रश्न वर्गाला विचारला. एकही हात वर झाला नाही. बहुतेक मुले खेड्यांतून आलेली होती. कुणाच्या घरी गाय, कुणाच्या घरी म्हैस, कुणाकडे बैलजोडी होती. तरीही ज्या पक्ष्याच्या नावाचा पर्वत बौद्ध इतिहासात अमर झाला, तो पक्षी त्यांच्यापैकी एकानेही आकाशात पाहिला नव्हता. त्या तासाला मी अभ्यासक्रम बाजूला ठेवला. त्या दिवशी वर्गात जे अपुरे सांगितले, ते पूर्ण करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करीत आहे.

गावाबाहेरचा माळ

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७५ ते १९८५ या काळात, गावाबाहेरच्या माळावर मेलेले जनावर टाकले की तासाभरात आकाशात काळे ठिपके घिरट्या घालू लागत. बघता बघता तीस-चाळीस गिधाडे खाली उतरत. पंखांची फडफड, एकमेकांवर फिस्कारणे, मान आत घालून मांस ओढणे असा तो देखावा असे. संध्याकाळपर्यंत तेथे केवळ हाडांचा सापळा उरे. दुर्गंधी नाही, माश्या नाहीत, भटक्या कुत्र्यांचे कळप नाहीत. गिधाडाच्या डोक्यावर आणि मानेवर पिसे विरळ असतात, त्यामुळे शवात मान घातली तरी घाण चिकटून राहत नाही. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडलेल्या मांसातील अनेक रोगजंतू त्यात नष्ट होतात. निसर्गाने त्याचे शरीरच या कामासाठी घडविले आहे.

या माळाशी आपल्या समाजाचा संबंध केवळ पाहण्यापुरता नव्हता, हे वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. गावातील मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम जातीच्या नावाने आपल्या पूर्वजांवर लादले गेले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्यानंतर ठिकठिकाणी लोकांनी मेलेली गुरे ओढण्याचेही नाकारले आणि त्यापायी गावांचा बहिष्कार सोसला. माझे आजोबा त्यांपैकी एक होते. ते म्हणत, "गिधाडाला हे काम निसर्गाने दिलं. आपल्याला ते गावानं दिलं होतं. म्हणून ते सोडता आलं."

या एका वाक्यात फार मोठा विवेक आहे, असे मला आज वाटते. पक्षी आपल्या शरीरधर्माने जे करतो, त्यात कमीपणा नाही. माणसावर जन्माच्या आधारे तेच काम लादणे हा मात्र अन्याय आहे. आपल्या भाषेने या दोन्ही बाबतींत चूक केली. काम लादलेल्या माणसाला तिने हीन ठरविले आणि लोभी, संधीसाधू माणसाला 'गिधाड' म्हणून त्या पक्ष्यालाही बदनाम केले. वास्तविक गिधाड कोणाला मारीत नाही. ते मेलेल्यावर जगते आणि जगणाऱ्यांना रोगापासून वाचविते.

मोजणी होती म्हणून कळले

भारतात एकेकाळी गिधाडांची संख्या काही कोटींच्या घरात होती, असे मानले जाते. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा तर जगातील सर्वाधिक संख्येने आढळणाऱ्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक समजला जाई. जे विपुल असते ते कोणी मोजत नाही. सुदैवाने राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे अभ्यासक डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडांची घरटी मोजली होती. १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या त्यांनी नोंदविल्या. १९९६ च्या सुमारास ते पुन्हा मोजू लागले, तेव्हा निम्म्याहून अधिक जोड्या गेल्या होत्या. झाडांवर माना खाली टाकून बसलेली आजारी गिधाडे दिसत होती. आणखी काही वर्षांत तेथे घरटी उरलीच नाहीत.

पुढे देशभर पाहण्या झाल्या. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. लांब चोचीचे गिधाड आणि उत्तरेकडील बारीक चोचीचे गिधाड यांची घटही सुमारे ९७ टक्के होती. हजार पक्ष्यांमागे एक उरणे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनी क्षणभर थांबून करावा. एखाद्या पक्ष्याचा इतक्या वेगाने ऱ्हास झाल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक गोष्ट शिकता येते. जुनी नोंद नसेल तर हानीही सिद्ध करता येत नाही. भरतपूरच्या त्या वहीतील आकडे नसते, तर 'पूर्वी खूप असायची, आता कमी झाली' एवढेच आपण म्हणत राहिलो असतो.

कारणाचा शोध

गिधाडे कशाने मरत होती? कोणी म्हणाले विषाणू असेल, कोणी कीटकनाशकांना दोष दिला, कोणी अन्नाचा तुटवडा सांगितला. पाकिस्तानातील पंजाबमध्ये अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मृत गिधाडांची शवचिकित्सा करीत होते. बहुसंख्य पक्ष्यांच्या अंतर्गत अवयवांवर पांढरा थर साचलेला दिसे. तो युरिक आम्लाचा थर होता. मूत्रपिंडे निकामी झाल्याची ती खूण होती. विषाणू, जिवाणू, कीटकनाशके, जड धातू अशा एकेका संशयिताची तपासणी झाली आणि एकेक नाव गळत गेले.

तेव्हा त्यांनी प्रश्नाची दिशा बदलली. गिधाडाचे अन्न म्हणजे मेलेली गुरे. मग या गुरांना मरण्यापूर्वी काय दिले जाते? त्यांनी पशुवैद्यकांकडे आणि औषध विक्रेत्यांकडे चौकशी केली. त्यातून डायक्लोफिनॅक हे नाव पुढे आले. हे वेदना आणि सूज कमी करणारे औषध आहे. माणसांत ते दीर्घकाळ वापरले जात होते. १९९० नंतरच्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या प्रत्येक तपासलेल्या गिधाडात ते सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या गिधाडांत ते नव्हते. हा शोध २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

औषध दिल्यानंतर एक-दोन दिवसांत जनावर मेले, तर त्याच्या मांसात औषधाचा अंश राहतो. ते मांस खाणारे गिधाड काही दिवसांत मरते. एका शवावर अनेक गिधाडे जमतात, म्हणून एका जनावरामुळे अनेक पक्षी जातात. शंभरांतील एकापेक्षा कमी शवांत हे औषध असले, तरी एवढा ऱ्हास घडण्यास ते पुरेसे आहे, असे शास्त्रज्ञांनी गणिताने दाखविले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास साधारण पाच वर्षे लागतात. झालेली हानी भरून निघण्याचा वेग त्यामुळे अत्यंत मंद असतो.

आमचा बैल

येथे मला एक व्यक्तिगत गोष्ट सांगितली पाहिजे. १९९७ साली मी नुकताच शिक्षक झालो होतो. गावी वडिलांकडे दोन एकर कोरडवाहू जमीन आणि एक बैलजोडी होती. त्यांपैकी थोरला बैल म्हातारा झाला होता. पावसाळ्यात तो घसरून पडला, मागचा पाय सुजला आणि त्याला उठता येईना. रात्रभर तो कण्हत होता. वडिलांना ते पाहवत नव्हते. सकाळी मी सायकलीवरून तालुक्याला गेलो आणि गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी दुखणे थांबण्याचे इंजेक्शन दिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिले. बैल शांत झाला, थोडा कडबाही त्याने खाल्ला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

आजोबांनी गावाची मेलेली गुरे ओढण्याचे सोडले होते. हा बैल मात्र आमचा होता. त्याला आम्हीच माळावर नेले. दुपारी सात गिधाडे उतरली. सात हा आकडा मला आठवतो, कारण वडील म्हणाले होते, "आता एवढीच उरली." त्यानंतर आमच्या माळावर मी गिधाड पाहिले नाही.

त्या सुईत कोणते औषध होते, हे मी तेव्हा विचारले नाही. ती सात गिधाडे त्यानेच मेली, असेही मी म्हणू शकत नाही. परंतु देशभरातील हजारो गोठ्यांत त्या वर्षांत हेच घडत होते. कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. वडिलांच्या मनात करुणा होती. डॉक्टरांनी आपले कर्तव्य केले. मी सायकल दामटली, तीही करुणेपोटीच.

सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्यात जखमी पक्ष्यावरून झालेला वाद आपण मुलांना शिकवितो. तेथे बाण दिसतो, बाण मारणारा दिसतो, जखम धुणारे हातही दिसतात. गिधाडांच्या बाबतीत बाण दिसत नव्हता आणि देवदत्तही कोणी नव्हता. जखम धुणाऱ्या हातांनीच नकळत हानी केली. म्हणूनच हे प्रकरण मला अधिक शिकवून जाते. करुणा आवश्यक आहे, परंतु तिला प्रज्ञेची जोड नसेल तर ती अपुरी पडते. हे कशामुळे झाले आणि यापासून पुढे काय होईल, असा कार्यकारणभावाचा विचार हाच धम्माचा पाया आहे. प्रतीत्यसमुत्पाद आपण केवळ पाठ करण्यासाठी शिकलेलो नाही.

गिधाडांविना गाव

गिधाडे गेल्यावर माळावरची शवे सडू लागली. पाणवठे दूषित झाले. भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली आणि त्यांच्याबरोबर रेबीजचा धोकाही वाढला. मुंबईतील पारशी समाजाची दखम्याची प्राचीन अंत्यविधी पद्धती अडचणीत आली. तेथे सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रणेचा आधार घ्यावा लागला. ऐयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख अतिरिक्त माणसे मृत्युमुखी पडली असावीत. ज्याला आपण ओंगळ म्हणून हिणविले, त्याच्या श्रमाची किंमत तो गेल्यावर अशी कळली.

कारण कळल्यानंतर मात्र उपाय झाले, हे नमूद केले पाहिजे. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकच्या निर्मितीवर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याचे दिसल्यावर, २०१५ मध्ये इंजेक्शनच्या कुपीचे प्रमाण ३ मिलिलिटरपुरते मर्यादित करण्यात आले. गिधाडांना घातक असलेल्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांच्या जनावरांसाठीच्या वापरावर २०२३ मध्ये बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र उभे राहिले. तेथील काही गिधाडे २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंच परिसरात आणण्यात आली. रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या कड्यांवर आणि गडचिरोलीच्या जंगलात थोडी गिधाडे टिकून आहेत. आशेला जागा आहे, परंतु निश्चिंत होण्यासारखी स्थिती नाही.

शिलालेखापासून राज्यघटनेपर्यंत

पक्ष्यांच्या रक्षणाचा विचार आपल्या इतिहासाला नवा नाही. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात, ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची यादी दिली आहे. तिच्यात पोपट, मैना, चक्रवाक, हंस, पांढरी कबुतरे आणि गावातील कबुतरे अशी पक्ष्यांची नावे येतात. विनाकारण किंवा जीवहत्येसाठी वने जाळू नयेत, ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये, असेही तो सांगतो. राजाज्ञेत पक्ष्यांची नावे घेऊन लिहिणे यामागे केवळ दया नाही, निरीक्षणही आहे. ज्याला पक्षी ओळखता येत नाहीत, त्याला त्यांची यादी करता येत नाही.

आज आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये १९७६ साली समाविष्ट झालेली मूलभूत कर्तव्ये आहेत. त्यांत वन्य जीवांसह निसर्गाचे रक्षण करणे व प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य सांगितले आहे. त्याच्या लगेच पुढचे कर्तव्य आहे वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे. ही दोन कर्तव्ये शेजारी शेजारी आहेत. विद्यार्थ्यांनी ती एकत्रच वाचावीत, असे मी आग्रहाने सांगतो.

निरीक्षणाची वही

पक्षिनिरीक्षण हा श्रीमंतांचा छंद आहे, असा एक गैरसमज आहे. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास डोळे आणि कान पुरेसे आहेत. शंभर पानी वही आणि पेन्सिल मात्र हवी. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता, एवढे लिहावे. नाव ठाऊक नसल्यास आकार, रंग, चोच आणि शेपटी यांचे वर्णन लिहावे. अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. एकच जागा निवडून दर आठवड्याला ठरावीक वेळी पाहावे. दुर्मिळ पक्ष्यामागे धावण्यापेक्षा चिमणी, कावळा, साळुंकी, घार यांची नियमित मोजणी अधिक मोलाची आहे. गिधाडही एकेकाळी असेच सामान्य होते.

पाहताना पक्ष्याला त्रास होऊ नये, हा पहिला नियम आहे. घरट्याजवळ जाऊ नये, पिल्लांना हात लावू नये, छायाचित्रासाठी फांद्या तोडू नयेत, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नये. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. आपल्या विद्यालयात या आठवड्यात भाषणे होतातच. त्यासोबत प्रत्येक वर्गाची मोजणीची एक वही सुरू व्हावी आणि ती पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे सोपविली जावी, अशी माझी सूचना आहे.

पालक आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती

आपल्यापैकी अनेक जण आजही गुरे पाळतात. जनावर आजारी पडल्यास डॉक्टरांना औषधाचे नाव अवश्य विचारावे आणि मेलॉक्सिकॅम चालेल का, हेही विचारावे. वेदनाशामक औषध दिलेले जनावर मेल्यास ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. कुत्र्यांचा किंवा बिबट्याचा बंदोबस्त म्हणून शवावर विष टाकू नये. ते विष गिधाडापर्यंत पोहोचते.

शहरात राहणाऱ्यांनी संक्रांतीच्या काळात नायलॉनचा मांजा घरी आणू नये. त्यावर बंदी आहे, तरीही तो विकला जातो आणि झाडांवर अडकून महिनोन्‌महिने पक्ष्यांचे पंख कापतो. सण झाल्यावर गल्लीतील झाडांवरचा मांजा काढण्याची एक सकाळ मुलांसोबत घालवावी. जखमी पक्षी सापडल्यास त्याला हवेसाठी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे. बळजबरीने पाणी किंवा अन्न चोचीत घालू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्वरित कळवावे. येथेही तोच धडा लागू पडतो. तहानलेला दिसतो म्हणून चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावू शकतो. दया दाखविण्यापूर्वी जाणून घेणे, हेही दयेचेच अंग आहे.

त्या दिवशी वर्गात ज्या मुलाने मला प्रश्न विचारला, तो आता पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो आहे. गेल्या दिवाळीत तो भेटायला आला, तेव्हा त्याने आपली वही दाखविली. सुट्टीत मित्रांसोबत कोकणात जाऊन आला होता. एका पानावर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून पुढे नोंद होती : पांढऱ्या पाठीचे गिधाड, संख्या ४, उंच आकाशात घिरट्या. मी ते पान बराच वेळ पाहत राहिलो. "सर, आता मीही पाहिलंय," तो म्हणाला. आणि मग हळूच म्हणाला, "औषध लिहून देताना मी विसरणार नाही."

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.